आधी खरवड, मग मध

सकाळी साडेसातची वेळ. हॉस्टेलचं कॉमन बेसिन, मागे रांग, प्रत्येकाच्या तोंडात ब्रश आणि पहिलं लेक्चर आठला! अशा घाईत थुंकताना बेसिनमध्ये गुलाबी रंग दिसलाय कधी? दिसला असेल तर आपण काय म्हणतो? "उष्णता झाली असेल", "ब्रश कडक आहे", "मेसचं जेवणच असं आहे". नळ सोडतो, रंग वाहून जातो आणि आपण लेक्चरला पळतो.

मीही तेच करायचो. पण गेल्या वर्षी घरात एक गोष्ट घडली आणि हिरड्या, मध, मधमाश्या या विषयात मी नको तितका शिरलो. नको तितका अशासाठी म्हणतो, की मी थोडा आधी शिरलो असतो तर बरं झालं असतं.

आबाजींची बाटली

माझे आबाजी, म्हणजे आईचे वडील, गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात राहतात. वनरक्षक म्हणून रिटायर झाले. जंगलातली नोकरी, त्यामुळे मध घरात कायम. खोकल्याला मध, भाजल्याला मध आणि हिरड्या सुजल्या की बोटाने मध. सोबत खर्राही कायम, तीस-पस्तीस वर्षांपासून.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे खालचे पुढचे दात हलायला लागले. आई म्हणाली, नागपूरला दाखवू. तेव्हा मी काय केलं? मी इंटरनेटवर दोन रात्री वाचलं आणि मोठ्या हुशारीने प्रोपोलिसच्या अर्काची एक बाटली मागवून त्यांना पाठवली. फोनवर म्हणालो, "आबाजी, हे नॅचरल आहे, मधमाशीचंच आहे. आधी हे लावून बघा, मग डॉक्टर."

त्यांना बरंही वाटलं! सूज उतरली, दुखणं कमी झालं. नंतर आईने पुन्हा विषय काढला तर म्हणाले, "दुखत नाई ना आता, मंग कायले जायचं नागपूरले? नातवानं औषध देल्लं ना." असं एक वर्ष गेलं. शेवटी गेलो तेव्हा तीन दात काढावेच लागले. एक्स-रेमध्ये त्या दातांखालचं हाड जवळपास संपलेलं होतं. डॉक्टरबाईंनी बाटली बघितली. रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "औषध वाईट नाही. पण कचरा न काढताच सारवलंत तुम्ही."

बाटलीचा दोष नव्हता, मधमाशीचा तर नाहीच. मी क्रम चुकवला होता. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

किटण आणि आपला इमर्शन रॉड

डॉक्टरबाई सारख्या "किटण, किटण" म्हणत होत्या. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला फक्त 'टार्टर' माहीत होतं. किटण हा शब्द आईने समजावला. पण तो शब्द जास्त चांगला वाटला, कारण तो ऐकूनच दातावर काय बसलंय ते कळतं.

झालं काय असतं बघा. दात स्वच्छ केल्यावर काही तासांतच त्यांच्यावर जंतूंचा पातळ, चिकट थर बसायला लागतो. त्याला प्लाक म्हणतात. हे जंतू सुटे सुटे नसतात, त्यांची वसाहत असते आणि वसाहतीभोवती त्यांनीच तयार केलेला चिकट लगदा असतो. त्यामुळे बाहेरून टाकलेलं औषध आतल्या जंतूंपर्यंत नीट पोचत नाही. हा थर तसाच राहिला तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसून तो दगडासारखा टणक होतो. तेच किटण.

आपल्या हॉस्टेलमध्ये ज्याच्याकडे इमर्शन रॉड आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. बोअरच्या जड पाण्याने रॉडवर पांढरा थर चढतो, तो खरवडल्याशिवाय निघत नाही. त्या थरावर कितीही भारी औषध शिंपडा, रॉड तसाच. फरक एवढाच, की रॉड बिघडला तर नवीन मिळतो.

प्लाकमुळे हिरडी सुजते, लाल होते, हात लागला की रक्त येतं. ही पहिली पायरी, आणि ती पूर्ण परत फिरते. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा गाजलेला प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना, त्यात बरेचसे आपल्यासारखे विद्यार्थीच होते, दात घासायचं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावल्यावर साधारण आठवड्यात सगळे बरे झाले. ना औषध, ना मध. म्हणजे आपल्या गुलाबी बेसिनचं उत्तर बहुतेक वेळा ब्रशच असतो!

दुसरी पायरी मात्र परत फिरत नाही. सूज खोल गेली की हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये कप्पा तयार होतो. निरोगी हिरडीत ही खाच १ ते ३ मिलिमीटर असते. ४ मिलिमीटरच्या पुढे गेली की काळजीचं कारण. मग आतलं हाड झिजतं, दात हलतो. गेलेलं हाड पुन्हा आपोआप भरून येत नाही. आबाजी या दुसऱ्या पायरीवर होते आणि मी त्यांना पहिल्या पायरीचं औषध देत होतो.

मधात आहे तरी काय?

आपले म्हातारे लोक उगाच मध लावत नव्हते. मधात सुमारे ८० टक्के साखरा आणि जेमतेम १७ ते २० टक्के पाणी असतं. इतक्या घट्ट द्रावात जंतू पडला तर त्याच्यातलंच पाणी बाहेर ओढलं जातं. बारावीत शिकलेलं ऑस्मोसिस ते हेच! शिवाय मध आम्ल असतो, पीएच साधारण ४. आणि मधमाशी त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर मिसळते. मध थोडा पातळ झाला की ते कामाला लागतं आणि त्यातून हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, म्हणजे जखम धुवायचं तेच औषध, पण अगदी थोडं थोडं.

न्यूझीलंडच्या मानुका मधाची गोष्ट जरा वेगळी. त्यात मिथाइलग्लायॉक्सल हे जंतुनाशक रसायन मोठ्या प्रमाणात असतं, हे २००८ साली उघड झालं. त्याआधी २००४ मध्ये तिथे ३० जणांवर एक छोटा प्रयोग झाला होता. काहींनी जेवणानंतर दिवसातून तीन वेळा १० मिनिटं मानुका मधाची चघळायची वडी खाल्ली, इतरांनी बिनसाखरेचं च्युइंगम. २१ दिवसांनी मधवाल्यांचा प्लाकही कमी झाला आणि रक्त येणंही. पण तीस माणसं, तीन आठवडे आणि पहिल्या पायरीची सूज, एवढंच ते होतं. हलणाऱ्या दातांबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही.

दुसरी बाजूही बघू. तोंडात पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळायला सुरुवात होते. मध तर त्याच्याही खाली, आणि वर ८० टक्के साखर! म्हणजे रात्री हिरडीला मध लावून तसंच झोपलात, तर हिरडीचं भलं होईल न होईल, कीड मात्र नक्की खूश होईल.

प्रोपोलिस ही काय भानगड?

मी पाठवलेली बाटली मधाची नव्हती, प्रोपोलिसची होती. मधमाश्या झाडांच्या कळ्यांवरचा आणि सालीवरचा चिकट राळेसारखा पदार्थ गोळा करतात, त्यात मेण मिसळतात आणि पेटीतल्या फटी लिंपतात. एखादा उंदीर पेटीत मेला आणि बाहेर ओढता आला नाही, तर त्यालाही त्यात गुंडाळून टाकतात, म्हणजे सडायला नको. या लिंपणात साधारण निम्मी राळ, ३० टक्के मेण, बाकी सुगंधी तेलं, पराग वगैरे असतं. जंतूंना मारणारी फ्लेव्होनॉइड वर्गातली द्रव्यं त्या राळेतून येतात. ती पाण्यात नीट विरघळत नाहीत म्हणून अर्क बहुतेक वेळा अल्कोहोलमध्ये काढतात. (१९९३ पासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात मी आबाजींना नेमकं काय पाठवलं, हे मला नंतर लक्षात आलं!)

प्रोपोलिसवर हिरड्यांच्या खोल आजारासाठी खरोखर प्रयोग झालेत. २००३ साली ब्राझीलमध्ये २० रुग्णांच्या हिरड्यांच्या कप्प्यांत प्रोपोलिसचा अर्क सोडून बघितला, फायदा दिसला. २०१६ साली इजिप्तमध्ये मधुमेह आणि हिरड्यांचा आजार दोन्ही असलेल्या ५० रुग्णांपैकी काहींना सहा महिने रोज ४०० मिलिग्रॅम प्रोपोलिस पोटात दिलं. त्यांच्या हिरड्याही जास्त सुधारल्या आणि रक्तातली साखरही.

मी त्या दोन रात्री एवढंच वाचून थांबलो होतो. पुढची ओळ वाचली नव्हती. या दोन्ही प्रयोगांत रुग्णांचं किटण आधी डॉक्टरांनी मुळापर्यंत काढलं होतं! प्रोपोलिस त्यानंतरचं. इजिप्तमध्ये तर ज्यांना प्रोपोलिस दिलं नाही त्यांचेही दात तसेच साफ केले होते, म्हणजे तुलना 'साफसफाई' आणि 'साफसफाई अधिक प्रोपोलिस' यांच्यात होती. 'नुसतं प्रोपोलिस' हा गटच नव्हता. तो गट मी धानोऱ्यात एका माणसावर चालवला.

आपल्या जंगलातल्या माश्या

आणखी एक घोळ. मला वाटायचं, प्रोपोलिस म्हणजे मधमाशीचं, आणि मधमाश्या तर आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात भरपूर. मग आबाजींच्या गावातच प्रोपोलिस का मिळू नये? विचारल्यावर आबाजी हसले. म्हणाले, "कोणत्या माशीचं म्हणतेस?"

आपल्याकडे उंच झाडांवर एकच मोठं पोळं लटकवते ती आग्या. तिचाच मध जंगलातून सर्वांत जास्त येतो. ढोलीत अंधारात समांतर पोळी बांधते ती सातेरी. झुडपाच्या काटकीवर तळहाताएवढं पोळं करते ती फुलोरी. आता गंमत अशी, की सातेरी राळ गोळा करत नाही, तिचं काम मेणावर भागतं. फुलोरी फांदीवर पोळ्याच्या दोन्ही बाजूंना मुंग्या अडवायला चिकट राळेचे कडे करते, पण ते असं कितीसं असणार! राळेचा खरा साठा करते ती डंख नसलेली इवलीशी माशी, जी झाडाच्या ढोलीत नाही तर जुन्या भिंतीच्या भेगेत राहते. बाजारात मिळणारं प्रोपोलिस मुख्यतः पेटीतल्या युरोपियन मेलिफेरा माशीचं. युरोपात ती राळ पॉप्लर झाडाची, ब्राझीलमध्ये वेगळ्याच झुडपाची. म्हणजे झाड बदललं की औषधही बदललं. ब्राझीलच्या प्रयोगाचा निष्कर्ष धानोऱ्याच्या राळेला सरळ लावता येत नाही, मोह-पळसाच्या मधाला तर अजिबात नाही.

मधाच्या दर्जाचंही तसंच. आख्खं पोळं हाताने पिळलं की मधात अळ्या, पराग, मेण सगळं येतं. त्यात आग्याच्या मधात मुळात पाणी जास्त असतं, त्यामुळे तो लवकर आंबतो. असा मध सुजलेल्या हिरडीवर लावणं धोक्याचंच. धानोरा तालुक्यातल्याच मेंढा-लेखा गावाने, ज्याला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, माश्या न मारता मध काढायची पद्धत अंगीकारली. पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा, पिल्लांचा भाग ठेवायचा. त्याने माशीही वाचते आणि मधही स्वच्छ मिळतो. शहरातला बाटलीबंद मध घ्यायचा तर वेगळीच चिंता. २०२० साली सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १३ ब्रँड तपासले, त्यातल्या बहुतेकांत साखरेच्या पाकाची भेसळ निघाली. पाकात ना विकर, ना पेरॉक्साइड. तो हिरडीला लावणं म्हणजे जंतूंना सरबत पाजणं!

तासाला ४० वेळा

आपण इंजिनिअरिंगवाले, एक हिशोब करूच. हिरडी आणि दात यांच्यामधल्या कप्प्यात एक द्राव सतत आतून बाहेर झिरपत असतो. ५ मिलिमीटर खोल कप्प्यातला हा द्राव तासाला सुमारे ४० वेळा बदलतो. ६० भागिले ४० म्हणजे दीड मिनिट. वरून बोटाने लावलेला मध मुळात खोल कप्प्यात शिरत नाही, आणि शिरलाच तर दीड मिनिटात धुऊन निघायला लागतो. वरची सूज मात्र थोडी उतरते. म्हणून दुखणं कमी होतं आणि माणसाला वाटतं, बरं झालं. खाली हाड झिजतच असतं. आबाजींचं नेमकं हेच झालं.

सुश्रुतांनी क्रम सांगितला होता

हे सगळं वाचताना मला वाटलं, आपण आयुर्वेद आणि डॉक्टर यांच्यात उगाच भांडण लावतो का? म्हणून सुश्रुतसंहितेत मुखरोगांच्या चिकित्सेचा अध्याय शोधला. तिथे किटणाला 'दंतशर्करा' असं नाव आहे. आणि उपाय काय? दातांच्या मुळांना इजा न करता वैद्याने ती आधी काढून टाकावी, मग लाखेचं चूर्ण मधात कालवून चोळावं. बघा, लाखसुद्धा एक प्रकारची राळच, आणि कुसुम-पळसावर होणारी! राळ अधिक मध, पण साफसफाईनंतर. ब्राझीलच्या डॉक्टरांनी जो क्रम पाळला तोच इथे आहे. 'नॅचरल' म्हणत मध तेवढा उचलला आणि खरवडणं गाळलं, ते मी. सुश्रुतांनी नाही.

खर्ऱ्याचं काय?

हे लिहिलं नाही तर लेख खोटा होईल. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हिरड्यांबद्दल बोलायचं आणि खर्ऱ्याबद्दल गप्प बसायचं, हे जमणार नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण तंबाखू, सुपारी आणि चुना प्लॅस्टिकवर घोटून दिलेला खर्रा कुठे मिळतो ते तुम्हाला मला विचारायची गरज नाही. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे अभियान दारू आणि तंबाखूविरुद्ध गावोगाव काम करतंय, ते उगाच नाही.

खर्रा जिथे दाबून ठेवतो तिथली हिरडी दातावरून खाली सरकते, मूळ उघडं पडतं. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होते आणि तोंड उघडणं कमी होत जातं. बिडी-सिगारेटचा डाव आणखी वाईट. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं! म्हणजे आजार असतो, पण धोक्याची घंटाच बंद. तेव्हा "माझ्या नाही बाबा रक्त येत" म्हणणाऱ्या मित्राने जास्त जपावं. आणि गावाकडे दात दुखला की मिश्री किंवा गुडाखू चोळतात, त्यातही तंबाखूच. एका बोटाने तंबाखू आणि दुसऱ्या बोटाने मध, मग मध बिचारा काय करणार?

मग करायचं काय?

डॉक्टरबाईंनी सांगितलेलं आणि मी पडताळून बघितलेलं थोडक्यात देतो.

रोज दोनदा, दोन मिनिटं, मऊ ब्रशने. ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका, साधारण ४५ अंशांत धरायचा. (निदान आपल्याला तरी कोन समजावून सांगायला नको!) रक्त येतं म्हणून घासणं सोडायचं नाही, उलट तिथेच हळुवार पण नीट घासायचं.

दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबलं नाही, दात हलतोय, पू येतोय, किंवा तोंडात उभी तीन बोटं जात नाहीत, तर सरळ डॉक्टर. जिल्हा रुग्णालयात दंत विभाग असतो, आणि नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे.

"मशीनने सफाई केली की दात हलतात" हे खरं नाही. दात आधीच सैल झालेले असतात, किटणाने ते एकमेकांना चिकटून राहिलेले असतात. किटण निघालं की खरी परिस्थिती दिसते.

मध लावायचाच असेल तर सफाईनंतर, डॉक्टरांना विचारून, खात्रीचा, थोडासा, दिवसा. नंतर चूळ भरायची. झोपताना नाही. मधुमेह असेल तर जास्त जपून. एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच नाही, तोंडाला चाटवायलासुद्धा नाही.

प्रोपोलिसची काहींना ॲलर्जी असते, तोंड सोलवटतं. मधमाशीच्या पदार्थांचा आधी त्रास झाला असेल त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. आणि ते डॉक्टरांच्या कामाला जोड म्हणून घ्यायचं, कामाच्या ऐवजी नाही.

जाता जाता

आबाजींचे बाकीचे दात डॉक्टरबाईंनी वाचवले. चार वेळा नागपूरच्या फेऱ्या झाल्या. खर्रा दोनदा सुटला, एकदा पुन्हा लागला, सध्या सुटलेला आहे. मध अजूनही घरात असतो, पण आता भाकरीसोबत. ती बाटली त्यांनी मला परत दिली, म्हणाले, "तुह्याच कामी येईल." ती माझ्या कपाटात आहे, अर्धी भरलेली. खाली तीन दातांची जागा रिकामी आहे आणि ते माझ्यावर कधी रागावले नाहीत, हेच मला जास्त लागतं.

शेवटी रेक्टर सर आणि स्टाफला एक विनंती. गॅदरिंगच्या आधी आपण रक्तदान शिबिर घेतोच. त्याच दिवशी एक दंत तपासणीचं टेबल लावता आलं तर? पहिल्या पायरीवर किती जण आहेत ते तरी कळेल. तिथून परत फिरायला आठवडा पुरतो.

आणि मित्रांनो, उद्या सकाळी बेसिनमध्ये गुलाबी रंग दिसला तर नळ सोडायच्या आधी एकदा नीट बघा.